मैना घर्तीचा गोलपोस्ट

मी एक जुना गोलपोस्ट आहे, मित्रांनो. माझं वय नेमकं सांगता येणार नाही, कारण माझे दोन उभे पाय एका कामासाठी घडवलेले आणि वरची आडवी दांडी भलत्याच कामाची. तुम्ही शाळेत जुन्या छत्रीची, फाटक्या पुस्तकाची आत्मवृत्तं वाचली असतील. ती बिचारी डोळे पुसत आपली कहाणी सांगतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. माझ्या बुडाशी इतक्या जणांनी तंबाखू थुंकली आहे, की गोड बोलायचं म्हटलं तरी जमत नाही. मला माणसांची शिसारी आलेली आहे. सगळ्यांची नाही, पण बऱ्याच जणांची. का ते ऐका.

बीड जिल्ह्यात सिरसाळ्याच्या बाजाराला जाणारी जी गावं आहेत, त्यांतलं एक हिंगणदरा. तिथं डोंगरतळ सहकारी साखर कारखाना आहे. कारखान्याच्या पुढाऱ्यांनी एकदा ठरवलं, की नदीचं पाणी पाइपांतून वर उचलायचं आणि डोंगराकडेच्या कोरडवाहू रानांना द्यायचं. उपसा योजना म्हणतात तिला. त्यासाठी ट्रक भरभरून पाइप आले. मी त्यांतलाच एक. आमच्यावर हळदीकुंकू वाहिलं, नारळ फुटला, पुढाऱ्यांनी आमच्यावर हात ठेवून फोटो काढले. मग आम्हाला मागच्या कुंपणाशी टाकून सगळे जेवायला गेले, ते गेलेच. नदी आटली, योजना कुणी पुन्हा काढली नाही. माझ्या पोटातून पाण्याचा एक थेंब कधी वाहिला नाही. सरडे राहिले, एका कुत्रीनं माझ्या आडोशाला पिल्लं घातली. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

कारखान्याच्या फाटकावर राखणदार होता तिलबहादूर घर्ती. नेपाळातल्या कुठल्याशा डोंगरातून पोरवयात आलेला. गाव त्याला बहादूर म्हणायचं, नाहीतर सरळ गुरखा. इतकी वर्षं तो रोज फाटक उघडत होता, सलाम करत होता, पण त्याचं पूर्ण नाव काय हे कुणी विचारलं नाही. त्यानं गावातल्याच गीताबाईशी लग्न केलं. गीताबाई शिंगाड्यांची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. तिचा थोरला भाऊ आसाराम त्या दिवशी इतका चिडला, की त्यानं तिच्या नावानं आंघोळ केली. ते दुष्काळाचं वर्ष होतं. प्यायला पाणी नव्हतं, पण बहीण मेली असं सांगायला त्याला बादलीभर पाणी मिळालं. ती बादली माझ्यासमोरच्या हौदातून भरली होती, म्हणून मला माहीत आहे.

त्या दोघांना मुलगी झाली. तिचं नाव मैना. हे नाव इकडेही चालतं, तिकडेही चालतं, म्हणून दोघांनी ठेवलं. तिलबहादूरला फुटबॉलचं वेड होतं. पोरगी पळायला लागली तशी त्यानं कारखान्याच्या वेल्डरला, सुग्रीवला गाठलं.

"ह्या पडलेल्या पाइपाचा गोलपोस्ट करून दे, सुग्रीव भाऊ."

"दोन लागतेत ना बे त्याला?" सुग्रीवनं विचारलं.

"एकच कर. आमी खेळनारे तरी कितीक हाव?"

सुग्रीवनं माझे दोन तुकडे केले, ते माझे पाय झाले. वरच्या दांडीला त्यानं बॉयलर हाऊसमधला वाफेचा जुना पाइप लावला. ही दांडी अजून उन्हात माझ्याआधी तापते. जाळीला पैसे नव्हते, तेव्हा गीताबाईनं साखरेची रिकामी पोती उसवून, जोडून मागं टांगली. बॉल पोत्यावर आदळला की बारीक पिठीसाखर उडायची आणि माझ्या पायाशी मुंग्यांची रांग लागायची. माझ्या आयुष्यातला हा एवढाच काळ मला आवडतो. मोकळं मैदान, एक बापलेक, आणि पोत्याआडून हसणारी गीताबाई.

गावची पोरं काही दिवस आली. "ह्यो कसला खेळ? हातच लावायचा न्हाई?" म्हणून हसली आणि माझा एक पाय स्टंप धरून क्रिकेट खेळायला लागली. मैना तेवढी राहिली.

मग मोठा दुष्काळ पडला. कारखाना बंद होता, उसाचं कांडं नव्हतं. मैदानावर चारा छावणी उभी राहिली. तुम्ही छावणी पाहिली नसेल तर सांगतो. आसपासच्या गावांतली जनावरं एका जागी आणतात, रांगेनं खुंटे ठोकून बांधतात, आणि तिथंच त्यांना चारा-पाणी देतात. माणसंही जनावरांपाशीच झोपतात. माझ्या दोन्ही पायांना बैल बांधले. शेण, मूत, माशा, उकाडा. बैलांनी माझ्या अंगाला अंग घासून रंग काढला. बैलांची मला किळस आली नाही. किळस आली ती चाऱ्याच्या पेंढ्या आधी आपल्या गाडीत भरून नेणाऱ्यांची.

मैनाचा खेळ त्या छावणीत घडला. मैदान उरलंच नव्हतं. दोन रांगांमधली चिंचोळी वाट होती, तिच्यात शिंगं, शेपट्या, दावी, घमेली. ती पोर बॉल पायाला चिकटवून त्यातून पळायची. बॉल कुठं लागला तर शिव्या. तुळजाबाई नावाची म्हातारी आपल्या बैलजोडीपाशी बसून ओरडायची, "पोरी, माज्या सर्ज्याला बॉल लागला तर तुलाच दावनीला बांदीन बघ!" आणि पोर पुढं निघून गेली की हळूच म्हणायची, "लई चपळ हाय, माय." पुढं मोठमोठ्या प्रशिक्षकांनी मैनाच्या पायांचं कौतुक केलं. इतक्या गर्दीतून बॉल काढायला कुठं शिकलीस, असं त्यांनी विचारलं. बैलांत शिकले, असं तिनं सांगितल्यावर त्यांना ती थट्टा वाटली.

आता पाण्याचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. टँकर मैदानाच्या कडेला थांबायचा. प्रत्येक घराचा प्लास्टिकचा ड्रम, ड्रमवर रंगानं घराचं नाव. कारखान्याच्या सभासदांचे ड्रम आधी, बाकीच्यांचे नंतर. गीताबाईच्या ड्रमवर कुणीतरी परस्पर 'गुरखा' असं लिहून टाकलं होतं. तो कायम शेवटी. टँकरचा पाइप तिथपर्यंत येईतो पाणी गढूळ व्हायचं, कधी संपायचं. मैनानं एकदा विचारलं, "आमचा ड्रम कावून मागं?" तेव्हा बंकट नावाचा टगा, जो कारखान्याच्या चेअरमनच्या मागं-पुढं असायचा, तो म्हणाला, "तुमी इथले न्हाईत. आदी इथल्यांची सोय व्हऊ द्या." ती पोर इथं जन्मली, इथल्या बैलांत वाढली. तिची आई इथली. तरी 'तुमी इथले न्हाईत.' हे बोलून बंकट माझ्या पायावर पचकन थुंकला. तो डाग पुष्कळ दिवस राहिला होता.

तालुक्याच्या स्पर्धेत एका मॅडमनी मैनाला पाहिलं आणि पुण्याच्या वसतिगृहात नेलं. ती गेली. पोत्यांची जाळी उन्हानं फाटली. मी उभा राहिलो. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती यायची, आधी मला हात लावायची, मग घरी जायची. दरवेळी तिचा बॉल जास्त जोरात यायचा. राज्याच्या संघात गेली, मग देशभरातल्या स्पर्धांत नाव झालं. ती अठरा वर्षांची झाली, आणि दोन फोन आले. एक भारतीय संघाच्या शिबिरातून. दुसरा नेपाळच्या.

मित्रांनो, इथला नियम समजून घ्या. बाप नेपाळचा आणि आई भारताची, म्हणून तिला दोन्हीकडून खेळता आलं असतं. पण दोन देशांचं नागरिकत्व एकदम ठेवता येत नाही, आणि मोठ्या स्पर्धेत एका देशाकडून उतरलं की दुसरीकडचा रस्ता बंद होतो. तिला एकच निवडायचं होतं, आणि थोड्याच दिवसांत कळवायचं होतं. त्या वर्षीही पाऊस नव्हता. ती विचार करायला घरी आली.

तिला विचार कुणी करू दिला नाही.

आधी आला तिचा नेपाळचा काका. इतक्या वर्षांत त्यानं भावाला एक साधा फोन केला नव्हता. इथल्या बाईशी लग्न केलं म्हणून त्यानं नातं तोडलं होतं. आता जीप करून आला, गळ्यात घालायला रेशमी पट्टा घेऊन. क्वार्टरमध्ये उकाडा फार, म्हणून सगळे माझ्यामागं उरल्यासुरल्या पोत्यांच्या सावलीला बाज टाकून बसले. गीताबाईनं चहा दिला. काकानं कप घेतला, तिच्याकडं पाहिलं नाही.

"बेटी, तू घर्ती है. हमारा खून है," तो मैनाला म्हणाला. "वहाँ सब तुझे सिर पर बिठाएंगे. बस, कोई पूछे तो माँ की बात मत निकालना. बोलना, अपने ही तरफ की थी."

'थी' म्हणाला. गीताबाई समोर चहाची किटली धरून उभी होती. मला त्या माणसाची इतकी किळस आली, की वाटलं, आडवी दांडी सोडावी आणि त्याच्या डोक्यात घालावी. पण सुग्रीवची वेल्डिंग पक्की होती.

काका गेला आणि दुसऱ्या दिवशी मामा आला. तोच आसाराम, बहिणीच्या नावानं आंघोळ करणारा. हातात शालू, नारळ, मागं हलगीवाला. आधी रडला. रडणंही मोठ्यानं, लोकांना ऐकू जाईल असं.

"गीते, माजी चूक झाली. लेकरू आपलं हाय. आता तिला शिंगाडे लावायचं. गुरख्याचं नाव कशाला पायजे? बाप काय, फाटकावर हायच की. पेपरात शिंगाडे आलं पायजे."

गीताबाईनं शालू घेतला नाही. ती म्हणाली, "दादा, तुजी भन मेली व्हती ना? मंग मेलेल्या भनीच्या लेकीचा सत्कार करायला कावून आला?" आसारामनं डोळे पुसले आणि शालू माझ्या दांडीवर टाकून गेला. दोन दिवस तो माझ्यावर लटकत होता. मग शेळीनं खाल्ला.

तिकडच्याला फक्त बाप हवा होता आणि इकडच्याला फक्त आई. उरलेलं टाकून द्यायला दोघंही तयार होते.

पण सगळ्यात कहर झाला तो कारखान्याच्या वार्षिक सभेत. सहकारी कारखान्याची सभा म्हणजे काय, ते गावाकडच्या मुलांना सांगायला नको. मांडव घालतात, चेअरमन विषय वाचतो, सूचक आणि अनुमोदक आधीच ठरलेले असतात, आणि मागून 'मंजूर, मंजूर' असा गलका उठतो की ठराव पास. विरोधात बोलणाऱ्याचा माइक नेमका तेव्हाच बिघडतो. त्या वर्षी मांडवाचा एक दोर माझ्याच पायाला बांधला होता, म्हणून सगळं माझ्या डोळ्यादेखत झालं.

चेअरमन होते राधाकिशनराव. पांढरे कपडे, कपाळाला बुक्का, बोटात तीन अंगठ्या. निवडणूक जवळ आली होती आणि सभासद तापलेले होते. मागून कुणीतरी ओरडलं, "उपश्याच्या पाइपाचं काय झालं ते सांगा आदी!" मी पाइपच आहे, माझे कान टवकारले. राधाकिशनराव हसले. "सांगतो, तेबी सांगतो. पर त्याच्या आदी आपल्या समद्यांच्या अभिमानाचा इषय घिऊ." मैनाला त्यांनी व्यासपीठावर बसवलं होतं, सत्कार आहे म्हणून. तिला वाटलं, हार घालतील आणि सोडतील.

चेअरमननी कागद उघडला आणि सभेच्या भाषेत वाचलं, "विषय क्रमांक अकरा. ही सभा असा ठराव करते, की आपल्या कार्यक्षेत्रातील सुकन्या कुमारी मैना शिंगाडे हिने भारतीय संघाकडूनच खेळावे. सूचक, आसाराम शिंगाडे. अनुमोदक, बंकट."

"मंजूर! मंजूर!"

अठरा वर्षांची मुलगी कुठल्या देशाकडून खेळणार, हा ठराव साखर कारखान्याच्या सभेत पास झाला. शेअर्स, मळी, भुसा, आणि मैना.

बायकांच्या बाजूनं गीताबाई उठली. "ओ चेअरमन सायब, लेक माजी हाय. तिला कुनी इचारलं का? आन् ती शिंगाडे कवा झाली?"

"बाई, तुमी सभासद हाव का?" चेअरमननी विचारलं.

"न्हाई."

"मंग बसा खाली. सभेचं कामकाज चालू हाय."

लोक हसले. पुरुष तर हसलेच, बायकाही हसल्या. मैना उठून उभी राहिली, माइककडं गेली, आणि माइक बंद. राष्ट्रगीत लावलं गेलं. राष्ट्रगीत चालू असताना बोलणार कसं? ती सावधान उभी राहिली, हाताच्या मुठी वळलेल्या. राष्ट्रगीताचा असा उपयोग करणाऱ्यांना काय म्हणावं, ते तुम्ही ठरवा. आणि त्या सगळ्या वेळात तिचा बाप कुठं होता? फाटकावर. त्याची ड्युटी होती. सभेला येणाऱ्या गाड्यांना तो सलाम करत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं माझ्यापाशी आली. तिलबहादूर ड्युटी संपवून आलेला, गीताबाई ड्रमपाशी नंबर लावून आलेली. मैना माझ्या डाव्या पायाला टेकून खाली बसली. त्याच दिवशी दोन्हीकडं कळवायचं होतं.

"बाबा, तुमाला काय वाटतं?"

"मला काय इचारती? मी ड्युटीवाला मानूस."

"सभेनं न्हाई इचारलं. मी इचारते."

तिलबहादूरनं टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "खोटं कशाला बोलू? आमच्याकडच्या जर्सीत तुला एकदा बघायचं व्हतं."

"मंग जाऊ द्या की तिला," गीताबाई लगेच म्हणाली. "मी काय आडवी येत न्हाई." असं म्हणाली आणि तिला रडू फुटलं. पदर तोंडात धरून ती रडत राहिली. तिलबहादूरनं तिच्याकडं पाहिलं, आणि आपण बोललो हेच चुकलं असा त्याचा चेहरा झाला.

मी मनात म्हणत होतो, जा पोरी, जा. ह्या थुंकणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून नेपाळला जा. ह्यांची तोंडं बघण्यासारखी होतील. मला दुसरं काही सुचतच नव्हतं, इतका माझ्या अंगात तिटकारा भरला होता. मैना मात्र शांतपणे बोलली.

"मी नेपाळला गेले तर आई पुसली जाती. काका बोलला ते ऐकलं ना? आन् इथं शिंगाडे व्हऊन खेळले तर बाबा पुसले जात्यात. मला दोगंबी पायजेत."

"पर एक तर निवडावंच लागंल ना, बाई," गीताबाई म्हणाली.

"इथंच खेळनार. ठरावासाठी न्हाई. मी निघून गेले तर ही समदी म्हनतील, बघा, नेपाळीच व्हती, गेली. आमचा ड्रम मागं ठेवला ते बरूबरच व्हतं म्हनतील. म्हनून इथंच. आन् पाठीवर घर्ती." मग ती बापाकडं वळली. "तिथली मानसं मला म्हाईत न्हाईत, बाबा. इथल्यांशी भांडता येतं मला. शिव्या तरी कळत्यात."

तिलबहादूर जरा हसला. "घर्ती कुनाला वाचता बी येनार न्हाई इथं."

"येईल. सारकं सारकं बघितलं की येईल."

त्याला वाईट वाटलं नाही, असं मी म्हणणार नाही. त्या दोघी घरी गेल्या तरी तो माझ्या पायाला हात लावून उभा होता. बापाच्या मनात एक देश असतो. लेकीनं तो निवडला नाही, तरी तिनं त्याचं नाव निवडलं होतं. त्यानं टोपी घातली आणि झोपायला गेला.

मैना भारताकडून खेळणार ही बातमी आली तसे चेअरमननी फटाके लावले. "आपल्या ठरावाला यश!" बघा, मित्रांनो. जो निर्णय तिनं बापाला दुखवून, आईला रडवून, स्वतःच्या मनानं घेतला, तो ह्यांनी आपल्या खिशात घातला. ह्याची मला जितकी घृणा आली, तितकी त्या थुंकीचीही आली नव्हती.

पहिल्या सामन्याच्या दिवशी कारखान्याच्या कचेरीतला टीव्ही मैदानात आणला. आडव्या दांडीवर ताडपत्री टाकून सावली केली आणि टीव्ही माझ्या मधोमध ठेवला. सगळं गाव जमलं. मैना उत्तरार्धात मैदानात उतरली. कॅमेरा तिच्या पाठीवर आला. नंबरच्या वर इंग्रजीत नाव होतं.

"ह्ये काय लिवलंय बे?" बंकटनं विचारलं.

मागं फाटकाजवळ स्टुलावर बसलेला तिलबहादूर म्हणाला, "घर्ती. माजं नाव हाय ते."

सगळ्यांनी वळून त्याच्याकडं पाहिलं. "आमाला तर म्हाईतच न्हाई," कुणीतरी पुटपुटलं. राधाकिशनरावांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. नाव तेच होतं. सामना बरोबरीत सुटला. मैनानं गोल केला नाही, पण तिनं तिघींच्या मधून बॉल काढून जो पुढं दिला, त्यावर गोल झाला. छावणीतल्या रांगांतून ती तशीच निघायची.

तुम्हाला वाटेल, आता गाव सुधारलं असेल. मला तसं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. चेअरमन दुसऱ्याच दिवशी म्हणाले, "टीव्हीवरचं नाव कोन ध्यानात ठिवतंय? पोरगी गावाला येनार हाय. रस्त्यावर कमान उभी करू. कमानीवर आपलं नाव लावू." कमानीला लोखंड हवं होतं. त्यांनी मैदानावर नजर फिरवली आणि मी दिसलो. दोन पाय, वर आडवी दांडी. कमानीसाठीच जन्मलो असं त्यांना वाटलं.

मैनाचा सामना पाहून गावातल्या काही मुली माझ्यापाशी खेळायला यायला लागल्या होत्या. सुग्रीव म्हणालाही, "सायब, पोरी खेळत्यात तिथं. दुसरं लोखंड आनू." चेअरमन म्हणाले, "पोरी कुठंबी खेळतेल." सुग्रीवला नोकरी टिकवायची होती. त्यानं मला जमिनीपासून कापलं. कापताना तो माझ्याकडं बघत नव्हता. मग मला गावाच्या वेशीवर नेऊन, खाली आणखी पाइप जोडून उंच केलं आणि अंगभर फ्लेक्स गुंडाळला. फ्लेक्सवर राधाकिशनरावांचं तोंड बैलगाडीच्या चाकाएवढं. आसारामचं त्याहून लहान. बंकटचं कोपऱ्यात. आणि मधे बोटभर मैना. खाली अक्षरं, 'ठराव क्रमांक अकरा यशस्वी! सुकन्या मैना शिंगाडे हिचे हार्दिक स्वागत.' माझ्याच अंगावर ही खोटी अक्षरं. गोलपोस्टला तोंड फिरवता येत नाही, हे तेव्हा फार जाणवलं.

मैना आली त्या दिवशी हलगी वाजत होती, आरतीची ताटं सजली होती, सगळे माझ्याखाली उभे होते. जीप थांबली. तिघं उतरली, मैना आणि तिला आणायला सिरसाळ्याला गेलेले आईबाप. मैनानं वर पाहिलं. आधी तिनं मला ओळखलं. मग अक्षरं वाचली.

"चल माय, खालून चल," आसाराम पुढं झाला. "ओवाळायचं हाय."

"मामा, ही शिंगाडे कोन?"

"तूच की!"

"मी न्हाई." ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "जिचं नाव लावलंय तिला बोलवा, तिला ओवाळा. मी मैना घर्ती हाय. ही माजी आई, गीताबाई घर्ती. ह्ये माजे बाबा, तिलबहादूर घर्ती. आमी बाजूनं जातो."

राधाकिशनराव हसत म्हणाले, "आगं, फ्लेक्सवाल्याची चूक झाली आसंल. नावात काय ठिवलंय? सत्कार तर तुजाच हाय."

"मंग तुमचं नाव काढा तिथलं, चेअरमन सायब. नावात काय ठिवलंय?"

तिनं बापाच्या हातातली बॅग घेतली, आईचा हात धरला आणि रस्ता सोडून खाली उतरली. कमानीच्या बाजूला कोरडी नाली आहे आणि पलीकडं बाभळी. गीताबाईचा पदर काट्याला अडकला. तिनं थांबून तो सावकाश सोडवला. तिलबहादूर पुढं होऊन फांद्या बाजूला धरत होता. हार हातात घेतलेली माणसं माझ्याखाली तशीच उभी होती. हलगीवाल्यानं दोनदा काठी उचलली आणि खाली ठेवली.

मित्रांनो, तेव्हापासून मी इथंच उभा आहे. फ्लेक्स बदलत राहतात. वाढदिवस, निवडणूक, श्रद्धांजली. मैदानात मुली दोन दगड ठेवून खेळतात. कुणाला दया आली तर मला परत तिथं न्या, मी बॉल अडवायला नाही, आत घ्यायला घडलो आहे. आणि तुमच्या वर्गात, गल्लीत असं कुणी असेल, ज्याची आई एकीकडची आणि बाप दुसरीकडचा, तर त्याला आपलं म्हणताना त्याच्या घरातलं एक माणूस बाहेर उभं करू नका. अशा प्रेमाचा मला फार वीट आला आहे.

कधी हिंगणदऱ्याला आलात तर वेशीवर मी दिसेन. माझ्याखालून येऊ नका. डाव्या हाताला नालीतून, बाभळींच्या मधून एक पायवाट आहे. आधी ती तिघंच त्या वाटेनं गेली होती. आता शाळेच्या मुली तिथूनच जातात, परवा तुळजाबाईही बैल घेऊन गेली. वाट चांगली रुंद झाली आहे.